‘हान म्हणजे दुःख’ एवढ्यावर थांबू नका : पाळकीय सेवा शिकवणाऱ्या मराठी अध्यापकांना खुले पत्र

सन्माननीय अध्यापकहो,

सप्रेम सलाम.

आंतरसांस्कृतिक पाळकीय सेवेच्या तासाला कोरियाचा विषय निघाला की फळ्यावर बहुधा दोन रकाने पडतात. डावीकडे कोरियन शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. हान म्हणजे दुःख, जॉंग म्हणजे प्रेम, नुन्ची म्हणजे प्रसंगावधान, चेम्यॉन म्हणजे अब्रू. विद्यार्थी ते वहीत उतरवतात आणि परीक्षेत लिहितात. पुढे एखाद्या कोरियन कुटुंबासमोर बसायची वेळ आली की मात्र या यादीतला एकही शब्द त्यांच्या कामी येत नाही, कारण समोरची बाई हे शब्द उच्चारतच नाही. ती म्हणते, ‘छातीत काहीतरी अडकलंय.’

आपल्याकडे हा प्रश्न आता पुस्तकापुरता राहिलेला नाही. रांजणगाव, तळेगाव भागातल्या कोरियन कारखान्यांमुळे पुण्याच्या आसपास कोरियन कुटुंबे राहतात. आपल्या सेमिनरींतही कोरियन शिक्षक आणि विद्यार्थी दिसतात. म्हणून ही विनंती : हे शब्द अर्थांच्या यादीतून शिकवू नका. ते ज्या क्रियापदांबरोबर बोलले जातात आणि ज्या रीतींमध्ये जगले जातात, त्यांच्यासह शिकवा. आणि त्या रीतींमध्ये माणसे कुठे दुखावतात, हेही त्याच तासाला सांगा.

हानपासूनच सुरुवात करू. कोरियन भाषेत हान ‘मॅचिदा’, म्हणजे साठते, गाठ होऊन बसते. पानावर दवाचा थेंब जमतो त्यालाही हेच क्रियापद. मोकळे होणे म्हणजे ‘फुल्दा’, गाठ सोडवणे. राग शांत करणे, गणित सोडवणे, बांधलेले सामान उलगडणे, सगळीकडे हे क्रियापद चालते. हान सुटणे म्हणजे ‘हानफुरी’. कोरियाच्या नैर्ऋत्य टोकाच्या जिंदो बेटावर मृतासाठी ‘सित्किमकुत’ नावाचा विधी होतो. मृताला धुवून निरोप द्यायचा, असा त्याचा भाव. त्यात एक लांब पांढरे कापड घेतात, त्याला गाठी मारलेल्या असतात, आणि मुदांग (विधी करणारी स्त्री) नातलगांसमोर एकेक गाठ झटकून सोडवते. या भागाला ‘कोफुरी’ म्हणतात. दक्षिण कोरियाने १९८० मध्ये हा विधी राष्ट्रीय अमूर्त वारशात ७२व्या क्रमांकावर नोंदला. पाळकाने असा विधी (कुत) करावा असे आम्ही म्हणत नाही. पण समोर बसलेल्या आजीच्या मनात ‘मोकळे होणे’ याचे चित्र हे असू शकते, एवढे त्याला ठाऊक हवे. गाठ एका झटक्यात सुटत नाही, एकटीने सुटत नाही, आणि ती सुटताना पाहणारे कुणीतरी लागते.

‘दुःख’ या शब्दात आणखी एक गोष्ट हरवते. हानच्या पोटात ‘ऑगुल’ असते : न केलेल्या गोष्टीचे माप पदरात पडल्याची, नाहक भरडले गेल्याची जाणीव. आपल्याकडची ‘सल’ जवळची आहे, पण सल कशाचीही असते. ऑगुलमध्ये कुणीतरी अन्याय केलेला असतोच. अमेरिकेत अध्यापन केलेले कोरियन धर्मशास्त्रज्ञ अँड्र्यू सुंग पार्क यांनी यावरून एक भेद मांडला, तो पाळकीय सेवेला पायाभूत आहे : पाप हे करणाऱ्याचे, हान हे सोसणाऱ्याचे. पाश्चात्त्य धर्मशास्त्राने तारणाची सगळी भाषा पाप्याच्या बाजूने घडवली. पापकबुली, पश्चात्ताप, क्षमा. ज्याच्यावर पाप घडले त्याच्या हाती या भाषेने काय दिले? बहुतेक वेळा फक्त क्षमा करण्याची आज्ञा.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. सासरी तीस वर्षे राबलेली, नवऱ्याचा मार खाल्लेली स्त्री पहिल्यांदा बोलते आणि पाळक पहिल्याच भेटीत मत्तय १८ उघडून ‘सत्तर वेळा सात क्षमा कर’ हे ऐकवतो. गाठ सुटण्याऐवजी तिच्यावर दुसरी गाठ बसते, कारण आता क्षमा न करण्याचा दोषही तिचाच. क्रम उलटा हवा. आधी पूर्ण ऐकणे, मध्ये वचन न घालता. मग जे घडले तो अन्याय होता, हे तिच्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी, शक्यतो मंडळीत (चर्चच्या समुदायात) वजन असलेल्या माणसाने, मोठ्याने म्हणणे. मग अजून काही दुरुस्त होण्यासारखे आहे का ते पाहणे : अडकलेले पैसे, बदनामी, तुटलेला भाऊ. क्षमेचा शब्द सर्वांत शेवटी, आणि तोही तिच्या तोंडून आला तरच. तोवर स्तोत्र १३ आणि स्तोत्र ८८ ही विलापाची स्तोत्रे आहेत. ८८वे स्तोत्र अंधारातच संपते. ते तसेच संपू द्यावे, घाईने २३व्यावर उडी मारू नये.

हानला सार्वजनिक अंगही आहे. १३ नोव्हेंबर १९७० रोजी सोलच्या प्योंगह्वा बाजारातल्या शिवणकामगारांच्या हालांकडे लक्ष वेधण्यासाठी २२ वर्षांच्या चॉन थे-इलने स्वतःला पेटवून घेतले. तो ख्रिस्ती होता. त्या धक्क्यातून आणि त्या दशकातल्या हुकूमशाहीच्या अनुभवातून मिन्जुंग (सामान्य, पिचलेल्या जनतेचे) धर्मशास्त्र उभे राहिले. त्यातले एक प्रमुख नाव सॉ नाम-दोंग (१९१८–१९८४). पाळकाने ‘हानचा याजक’ व्हावे, असे ते म्हणत. म्हणजे लोकांचे गाऱ्हाणे स्वतःच्या तोंडाने वर पोहोचवणारा. १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सुन या वृद्धेने जपानी सैन्याच्या लैंगिक गुलामगिरीतला आपला अनुभव नाव लपवल्याविना जगासमोर मांडला, तेव्हा युद्ध संपून ४६ वर्षे झाली होती. एवढी वर्षे मनात दाबलेल्या गोष्टीला पाळकीय खोलीतली तासाभराची बैठक पुरत नाही.

१६ एप्रिल २०१४ ला सेवॉल नौका बुडून ३०४ जण गेले. त्यांत आन्सानच्या एकाच शाळेतली २५० मुले होती. आईबापांची मागणी आधी सत्य शोधण्याची होती, सांत्वनाची नंतर. काही व्यासपीठांवरून मात्र देवाच्या योजनेची भाषा ऐकू आली, लवकर सावरण्याचा उपदेश झाला, आणि अनेक ख्रिस्ती पालक आपल्याच मंडळीपासून तुटले. चौकशीची मागणी करणाऱ्या आईच्या शेजारी रस्त्यावर बसणे ही पाळकीय सेवाच आहे. ती राजकारण समजून टाळली तर सांत्वनाच्या शब्दांना वजन उरत नाही.

याच तासाला एक इशाराही द्यावा. ‘कोरियन माणूस म्हणजे हानने भरलेला’ हे विधान वाटते तितके निरागस नाही. १९२० च्या सुमारास, कोरिया जपानच्या ताब्यात असताना, जपानी कलाविचारक यानागी मुनेयोशी यांनी कोरियन कलेचे सौंदर्य दुःखात शोधले. त्यांना कोरियाविषयी खरा जिव्हाळा होता, तरीही जिंकलेल्या लोकांना ‘स्वभावतः दुःखी’ ठरवण्याला त्यातून बळ मिळाले, अशी टीका कोरियन अभ्यासकांनी केली आहे. आजचा पंचविशीतला कोरियन तरुण स्वतःबद्दल हान हा शब्द क्वचितच वापरतो. तो ‘ऑगुल’ म्हणेल, किंवा ‘ताप्ताप’, म्हणजे कोंडल्यासारखे, श्वास अडल्यासारखे. विद्यार्थ्यांना नियम द्या : समोरच्याने उच्चारलेला शब्द वापरायचा, आपण शिकलेला शब्द त्याच्यावर लावायचा नाही. ‘तुमच्यात हान आहे’ हे वाक्य पाळकाच्या तोंडी कधीही येऊ नये.

आता ह्वाब्यॉंग. ह्वा म्हणजे अग्नी, ब्यॉंग म्हणजे आजार. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९९४ च्या निदान-नियमावलीत, परिशिष्टातल्या संस्कृतिविशिष्ट आजारांच्या यादीत याची नोंद होती. २०१३ च्या आवृत्तीतल्या तशा सूचीत तो नाही. शिकवण्याच्या जुन्या टिपणांत अजून पहिलाच संदर्भ असेल तर तो दुरुस्त करावा. यादीतून नाव गेले म्हणून लोकांचा त्रास गेलेला नाही. वर्षानुवर्षे गिळलेला राग अंगावर उमटतो : छातीत दाब, खालून वर काहीतरी ढकलल्यासारखे, चेहऱ्यावर आणि छातीवर उष्णतेचे लोट, पोटाच्या वरच्या भागात गोळा, लांब उसासे, झोप नाही, धडधड. मध्यमवयीन विवाहित स्त्रियांत हे वर्णन अधिक आढळते, पण पुरुषांतही असते.

पाळकाने करायच्या गोष्टींत सर्वांत आधी हृदयाची तपासणी. छातीत दुखते म्हणणाऱ्या स्त्रीला ‘ह्वाब्यॉंग असेल’ म्हणून परत पाठवणे जिवावर बेतू शकते. ईसीजी झाला आहे का, कधी झाला, असे थेट विचारावे. डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचे सांगितल्यावर मग बसावे. ‘तुम्हाला कसं वाटतं’ या प्रश्नाला ‘बरंय’ एवढेच उत्तर येते. ‘कुठे दुखतं’ विचारले की हात आपोआप छातीवर जातो. तिथून पुढे जावे : हे कधी वाढते, सणाआधी की नंतर, कुणाचा फोन आल्यावर, घरात कुणासमोर हे बोलता येत नाही. मनोविकारतज्ज्ञाचे नाव काढले तर घराण्याला बट्टा लागल्यासारखे वाटते, म्हणून ‘झोपेसाठी डॉक्टर’ अशी वाट आधी काढावी. कोरियात पारंपरिक वैद्यकाच्या रुग्णालयांतही ह्वाब्यॉंगवर उपचार होतात आणि तिथे जाताना लोकांना तितका संकोच वाटत नाही. आत्महत्येचा विचार येतो का, हे आडपडद्याविना विचारावे. दक्षिण कोरियातील आत्महत्यांचे प्रमाण ओईसीडी देशांत सर्वाधिक आहे, आणि नुन्चीच्या, म्हणजे न बोललेले ओळखण्याच्या, भरवशावर हा प्रश्न सोडून देता येत नाही. काय करू नये, तेही स्पष्ट सांगावे : रागाला दुष्टात्मा ठरवून हाकलू नये, आणि औषध बंद करून डोंगरावरच्या प्रार्थनागृहात (किदोवॉन) उपासाला पाठवू नये.

पहाटेच्या प्रार्थनेबद्दल आम्हाला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण आपल्याकडे तिचे कौतुक फार होते आणि तिच्या मुळाशी काय आहे याकडे पाहिले जात नाही. ‘सैब्यॉक किदो’चा आरंभ प्योंगयांगच्या जांगदेह्यॉन मंडळीत १९०६ च्या सुमारास किल सॉन-जू (१८६९–१९३५) यांच्या प्रार्थनेतून झाला, असे कोरियन मंडळीचा इतिहास सांगतो. ख्रिस्ती होण्याआधी ते ताओ परंपरेतली साधना करत असत. पहाटे उठून एकाग्र होणे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. आणि कोरियन घरात त्याही आधीपासून एक दृश्य होते : घरातली बाई सगळ्यांच्या आधी उठते, विहिरीचे पहिले निर्मळ पाणी वाडग्यात घेते, मागच्या अंगणातल्या बरण्यांच्या ओट्यावर ठेवते आणि हात चोळत मुलांसाठी, दूर गेलेल्या नवऱ्यासाठी मागणे मागते. त्या पाण्याला ‘चॉंगह्वासू’ म्हणतात. भल्या पहाटे तुळशीला पाणी घालणारी बाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. वाडगा गेला, चर्चचा बाक आला, पण पहाट आणि आई तीच राहिली.

त्या पहाटेचा प्राण म्हणजे ‘चॉंगसॉंग’. मनापासून, कसूर न ठेवता केलेले कष्ट. कोरियन म्हण आहे की चॉंगसॉंग पराकोटीला गेले तर आभाळालाही पाझर फुटतो. या शब्दाने कोरियन मंडळी उभी केली हे खरेच आहे. रोज साधारण ५ वाजता जमायचे, गीत, एक उतारा, दहा-पंधरा मिनिटांचे प्रवचन, मग दिवे मंद करून प्रत्येकाने हवे तितके बसायचे. जो रोज येतो त्याचे काय बिनसले आहे, हे पाळकाला न सांगता कळते, कारण एके दिवशी तो नेहमीच्या जागी नसतो. पाळकीय नजर म्हणतात ती हीच.

पण म्हणीची उलटी बाजूही मनात चालू असते. आभाळाला पाझर फुटला नाही, तर माझेच चॉंगसॉंग कमी पडले. नोव्हेंबरमध्ये विद्यापीठ प्रवेशाची ‘सुनुंग’ परीक्षा असते. त्याआधी कितीतरी मंडळ्यांत आया १०० दिवसांची प्रार्थना धरतात. मुलाचे गुण घसरले की आई हिशेब मांडते : ४१व्या दिवशी ताप होता म्हणून गेले नाही, तेव्हाच खंड पडला. मूल कर्करोगाने गेले तरी हाच हिशेब. आशीर्वाद मागणे चूक नाही, पण प्रार्थनेचा मोबदला ठरवणारे प्रवचन दर रविवारी होत असेल तर हा हिशेब मंडळीनेच तिच्या हाती दिलेला असतो. इथे ‘देवावर विश्वास ठेवा’ हे उत्तर पुरेसे नाही. विश्वास तिने ठेवलाच होता. तिच्याशी त्या ४१व्या दिवसाबद्दलच बोलायला हवे : तापात पडलेल्या आईकडे देव काय म्हणून पाहत होता? ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते, बोलू लागल्यावर चुकले, हे कोरियन वाचकाला फोड करून सांगावे लागत नाही. आणि जिची झोप आधीच गेली आहे, तिला पहाटेची प्रार्थना काही काळ सोडायला पाळकानेच सांगावे. स्वतःहून ती सोडणार नाही.

‘थोंगसॉंग किदो’बद्दल थोडक्यात. ‘जू-यो’ (प्रभो) असा तीनदा पुकारा, मग सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने आपापली प्रार्थना, शेवटी घंटा किंवा गीत. जानेवारी १९०७ मध्ये प्योंगयांगच्या त्याच मंडळीत, मिशनरी ग्रॅहम ली यांनी सर्वांना एकत्र प्रार्थना करायला सांगितल्यावर तिचा जो लोंढा उठला त्याची वर्णने प्रसिद्ध आहेत. वेल्स आणि खासी टेकड्यांतल्या जागृतीची बातमी १९०६ मध्ये कोरियाच्या मंडळीपर्यंत आलेली होती. मराठी मंडळीला हे परके वाटू नये : केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुली अशाच एकत्र, मोठ्याने प्रार्थना करत होत्या. पाळकीय दृष्टीने हिचा मोठा गुण असा की शेजारच्याला आपले शब्द ऐकू जात नाहीत. घरात ज्याला आवाज नाही त्याला इथे ओरडून रडता येते आणि चेम्यॉन शाबूत राहते. धोका असा की मारहाण सोसलेल्या माणसाला मोठा, रागावल्यासारखा आवाज पुन्हा त्याच खोलीत नेतो. दाराजवळ बसायची मुभा द्यावी, कुणाच्या खांद्यावर न विचारता हात ठेवू नये, आणि संपल्यावर दोन-तीन मिनिटे शांतता ठेवावी. घंटा झाली की लगेच घोषणा, हे टाळावे.

आता घरभेट, ‘शिम्बांग’. कोरियन पाळकीय सेवेतले सर्वाधिक काम इथे होते आणि सर्वाधिक नुकसानही इथेच. वर्षातून एकदा, बहुधा वसंतात, प्रत्येक घराला भेट देणारी मोठी घरभेट (‘तेशिम्बांग’) असते. शिवाय आजारपण, नवे घर, नवे दुकान, बाळंतपण, मृत्यू. पाळकाबरोबर एक ज्येष्ठ सेविका (‘क्वॉन्सा’) आणि वस्तीगटाची प्रमुख जाते. पादत्राणे काढून आत, पाळकाला दारापासून लांबची मानाची जागा, एक गीत, त्या घरासाठी निवडलेला छोटा उतारा, प्रार्थना, मग फळे आणि चहा. वीस ते तीस मिनिटे. घरातली बाई मात्र दोन दिवस आधीपासून फरशा पुसत असते, आणि कुठे कुठे निघताना पाकीटही पुढे होते.

या अर्ध्या तासात खरे दुखणे बाहेर येईल अशी अपेक्षा ठेवू नका. दोन-तीन पाहुण्यांसमोर चेम्यॉन राखावेच लागते. खरी गोष्ट दारात, पादत्राणे घालताना, हळू आवाजात येते : ‘मोठ्याचं जरा काळजीचं आहे, मोक्सानिम (पाळकसाहेब).’ तिथेच उभे राहून प्रश्न विचारू नयेत. ‘परवा फोन करतो’ म्हणावे आणि परवा खरोखर करावा. दुसरी भेट साधी, प्रार्थनासभेविना, दोघांना बरे वाटेल अशा ठिकाणी. आता अनेक तरुण कुटुंबांना पाळकाने घरी येणेच नको वाटते, ते कॅफेत भेटतात. तेही शिम्बांगच मानावे. पाकीट नाकारताना झटापट होऊ देऊ नये. मंडळीने आधीच लिखित नियम करून तो सगळ्यांना कळवला की कुणाचीच मान खाली जात नाही.

नुन्ची म्हणजे न बोललेले ओळखणे, हे बरोबर. पण नुन्ची प्रामुख्याने खालच्याने वरच्याची राखायची असते, हे त्या यादीत येत नाही. सून सासूची, शिपाई साहेबाची, विश्वासणारा पाळकाची. म्हणून पाळक घड्याळाकडे पाहतो तेव्हा समोरची बाई गोष्ट आटोपती घेते आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणते. तिला बरे वाटत नसते. भेटीआधी फोन बंद करणे, ‘माझ्याकडे चार वाजेपर्यंत वेळ आहे’ असे सुरुवातीलाच सांगणे, एवढ्याने फार फरक पडतो.

हाक कशी मारायची, हेही शिकवायला हवे. वडीलधाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारणे म्हणजे आपल्याकडे मामंजींना एकेरी नावाने हाक मारण्यासारखे. पदाला ‘निम’ जोडावे : चांगनोनिम (वडील), क्वॉन्सानिम (ज्येष्ठ सेविका), चिप्सानिम (डीकन). घरी राहणाऱ्या स्त्रीला बहुधा अमक्याची आई म्हणतात, जसे आपल्याकडे ‘बंडूची आई’. समुपदेशनात मात्र एकदा तिचे स्वतःचे नाव विचारावे. कधी कधी तिथूनच बोलणे सुरू होते. दुभाषी म्हणून घरातल्या मुलाला कधीही बसवू नये. पुण्यात हे सहज घडते, कारण शाळेमुळे मुलाचे इंग्रजी आईपेक्षा चांगले असते. पण आईचे लग्न मोडत असल्याचे भाषांतर बारा वर्षांच्या मुलाने करायचे नसते. दुभाषी त्याच मंडळीतला असला तर तिसऱ्या दिवशी ते सगळ्यांना कळते. वस्तीगटात ‘प्रार्थनेसाठी विषय’ म्हणून सांगितलेली गोष्ट अशीच पसरते. कोणता विषय सांगायचा आणि किती, हे संबंधित माणसाला विचारूनच ठरवावे.

मृत्यूच्या वेळच्या रीती नीट ठाऊक नसतील तर मदतीऐवजी अडचण होते. अंत्यविधी साधारण तीन दिवसांचा, रुग्णालयाला जोडलेल्या शोकगृहात. ख्रिस्ती कुटुंबात चार उपासना : प्राण जाताना ‘इम्जोंग’, पेटीत ठेवताना ‘इप्ग्वान’, तिथून निघताना ‘बारिन’, पुरताना ‘हाग्वान’. आता दहातले नऊहून अधिक अंत्यविधी दहनाचे असल्याने शेवटची उपासना बहुधा अस्थिगृहात होते. सर्वांत कठीण क्षण इप्ग्वानचा, कारण चेहरा शेवटचा दिसतो. तिथे प्रवचन नको, एक वचन आणि वेळ द्या. येणारे नातलग छायाचित्राला दोनदा लोटांगणासारखे वंदन करतात. ख्रिस्ती लोक पांढरे शेवंतीचे फूल ठेवून मान झुकवून उभे राहतात. दोन्ही प्रकारचे लोक एकाच रांगेत असतात, आणि कुणी कसे वंदन करावे यावर त्या दिवशी पाळकाने एक शब्दही काढू नये.

पितरांना नैवेद्य आणि वंदन करण्याच्या ‘चेसा’ या विधीचा प्रश्न रक्त सांडून आलेला आहे. १७९१ मध्ये युन ची-छुंग या कॅथलिकाने पितरांच्या नावाच्या पूज्य पाट्या जाळल्या आणि आईच्या मृत्यूनंतर चेसा केला नाही, म्हणून चॉन्जू इथे त्याचा शिरच्छेद झाला. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये सोलला त्याला धन्य घोषित केले. व्हॅटिकनने १९३९ च्या अखेरीस पूर्वजांच्या सन्मानविधींबाबतची बंदी सैल केली, त्यामुळे कॅथलिक घरांत चेसा बदललेल्या रूपात चालतो. प्रॉटेस्टंटांनी त्याच्या जागी ‘चुदो येबे’ ही स्मरणोपासना आणली : स्मरणदिनी कुटुंब जमते, गीत, वचन, गेलेल्या माणसाच्या आठवणी, प्रार्थना, जेवण. मृताला नैवेद्य नाही, छायाचित्राला लोटांगण नाही. ही फार शहाणपणाची योजना आहे, पण एका ठिकाणी फसते. थोरल्या मुलाने नवा मार्ग धरला तरी स्वयंपाक थोरल्या सुनेकडेच राहतो. आणि घराणे ख्रिस्ती नसेल, तर चेसाला न वाकणाऱ्या सुनेवर सगळे तुटून पडतात. छुसॉक (सुगीचा सण) आणि सॉल्लाल (चांद्र नववर्ष) या दोन सणांच्या आधीचे दोन आठवडे पाळकाने अशा घरांशी मुद्दाम बोलावे. काय नाकारायचे ते ठरवताना काय करता येईल तेही ठरवावे : आदल्या दिवशी जाऊन कामाला हात लावणे, सासूच्या पायाशी बसून दिवंगत सासऱ्यांची एखादी आठवण विचारणे. ‘ह्यो’, म्हणजे आईवडिलांप्रती कर्तव्य, ते मोडले नाही हे दिसले की वंदनाचा वाद बराच निवळतो. अतिदक्षता विभागातही हेच. फेब्रुवारी २०१८ पासून कोरियात जीव लांबवणारे उपचार थांबवण्याचा कायदा लागू आहे. तरी सही करताना मुलगा ‘मी अपत्यधर्म मोडतोय’ या विचाराने थरथरतो. वडिलांनी स्वतः आधी काय म्हटले होते ते आठवून सांगायला लावणे, हे तिथले पाळकीय काम.

जॉंगला आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले, कारण तो सर्वांत गोड शब्द आहे आणि म्हणूनच त्याबाबत बेसावध राहिले जाते. जॉंग ‘देत’ नाहीत, ते आत ‘शिरते’. मराठीत प्रेम करतात, पण लळा लागतो. जॉंग या लळ्याच्या घरचे. एकत्र जेवून, भांडून, वर्षे घालवून ते येते. भांडणातून आलेल्यालाही नाव आहे, ‘मिउन जॉंग’. मारणाऱ्या नवऱ्याला सोडताना बाई म्हणते, ‘जॉंगमुळे जमत नाही.’ तिला कमकुवत ठरवू नये, आणि त्या जॉंगलाच देवाची इच्छा म्हणून घरी परतही पाठवू नये. जॉंग खरे आहे आणि घर धोक्याचे आहे, ही दोन्ही वाक्ये एकाच बैठकीत म्हणता आली पाहिजेत. पाळक आणि विश्वासणाऱ्यात जॉंग असणारच. जेवण, फळांची पेटी, मध्यरात्रीचा फोन. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातली कडक मर्यादा इथे गारठा वाटते, हे मान्य. पण पैसे उसने घेणे, एकट्या स्त्रीला बंद खोलीत भेटणे, घरच्या वादात एका बाजूचा निरोप्या होणे, या तीन गोष्टींना जॉंगचे नाव देऊन सूट देऊ नये.

आता विनंती. या घटकाला एक तास न देता निदान सहा द्यावेत : दोन हान आणि ह्वाब्यॉंगला, एक पहाटेच्या प्रार्थनेला, एक घरभेटीला, एक अंत्यविधी आणि स्मरणोपासनेला, एक जॉंग आणि मर्यादांना. विद्यार्थी संवादाची शब्दशः नोंद लिहितात, तिथे कोरियन माणसाने उच्चारलेला मूळ शब्द देवनागरीत तसाच लिहायला सांगावा, शेजारी अर्थ न लिहिता. अर्थ वर्गात, चर्चेनंतर. आपल्याच संस्थेत कोरियन विद्यार्थी असतील तर त्यांना ‘आपल्या संस्कृतीबद्दल सांगा’ म्हणून फळ्यापुढे उभे करू नये. त्यांना घरभेटीच्या सरावात पाळकाच्या जागी बसवावे, आणि मराठी विद्यार्थ्याने घरच्या माणसाची भूमिका करावी. आणि या सहा तासांत निदान पाऊण तास पाळकाच्या पत्नीसाठी राखावा. कोरियन मंडळीत तिला ‘सामो’ म्हणतात. प्रत्येक पहाटे ती पुढच्या बाकावर असते, प्रत्येक मृत्यूच्या स्वयंपाकात असते, सगळ्यांची नुन्ची राखते, आणि तेशिम्बांगच्या यादीत तिचे घर बहुधा नसते. तिच्याकडे कोणी जायचे, हे आपल्या अभ्यासक्रमात लिहिलेले असावे.

आपले नम्र,
पाळकीय सेवेत आणि तिच्या अध्यापनात असलेले काही सहकारी